मोठ्या मुलांना वाचतं करताना: शाळाभर वाचन उपक्रम कसा उभा करावा

बहुतेक शाळांत वाचनाचा उपक्रम म्हणजे वर्षातला एक दिवस असतो. त्या दिवशी फलक रंगतात, पुस्तकांचं प्रदर्शन लागतं, दोन भाषणं होतात, निबंध स्पर्धेत दरवर्षीचीच चार मुलं बक्षिसं घेतात आणि दुसऱ्या दिवशी कपाटाला पुन्हा कुलूप लागतं. लहान मुलांच्या बाबतीत एवढ्यानेही थोडं काम होतं, कारण पुस्तक हातात दिलं की ती उघडून बघतात. तेरा ते सोळा वयाची मुलं आधी आजूबाजूला बघतात. वर्गात दुसरं कोणी वाचत नसेल तर वाचणारा एकटा पडतो, आणि या वयात एकटं पडायची कोणाचीच तयारी नसते. म्हणून या मुलांसाठी वाचन रोज, एकाच वेळी आणि सगळ्या शाळेत व्हावं लागतं. एखाद्या उत्साही भाषा शिक्षकाने स्वतःच्या वर्गापुरतं केलेलं काम त्या वर्गाबरोबर वरच्या इयत्तेत जात नाही.

पंधरा वर्षांच्या मुलांसाठी होणाऱ्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली ओईसीडी या बहुतांशी श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या जवळपास निम्म्या मुलांनी 'गरज पडली तरच वाचतो' असं सांगितलं होतं. तेव्हा आपल्याच शाळेतली मुलं बिघडली आहेत, असा सूर लावून सुरुवात करू नये. मुलांना तो सूर लगेच ऐकू येतो.

सुरुवातीचे दोन आठवडे

पाच-सात जणांचा गट करा: ग्रंथपाल, एक-दोन भाषा शिक्षक, एक गणित किंवा विज्ञानाचे शिक्षक, क्रीडा शिक्षक आणि दोन विद्यार्थी. क्रीडा शिक्षक हवेतच. मैदानावरच्या मुलांना 'वाचन म्हणजे हुशार मुलांचा आणि मुलींचा उद्योग' असं वाटत असतं. त्यांचे सर पुस्तक घेऊन बसलेले दिसले की हा समज निम्मा गळतो. दोन विद्यार्थ्यांपैकी एक तरी न वाचणारा असू द्या. आणि मुख्याध्यापक गटात नसले तरी चालतील, पण वेळापत्रक बदलायला त्यांची लेखी मान्यता आधी घ्या. ती नसेल तर पहिल्या चाचणी परीक्षेला उपक्रम बंद पडतो.

मग मुलांना विचारा. अर्ध्या पानाची, बिननावाची प्रश्नपत्रिका पुरते. 'तुला वाचायला आवडतं का?' हा प्रश्न टाळा. त्याला मुलं शिक्षकांना हवं तेच उत्तर देतात. त्याऐवजी हे विचारा: पाठ्यपुस्तक सोडून शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं? अर्ध्यावर सोडलेलं कोणतं आणि का? मोबाइलवर काय काय वाचतोस किंवा वाचतेस? कोणत्या भाषेत वाचायला सोपं जातं? घरी निवांत बसून वाचता येईल अशी जागा आणि वेळ आहे का? कोणत्या विषयावरचं पुस्तक समोर दिसलं तर उचलशील? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं हीच खरेदीची यादी. पाचव्या प्रश्नाची उत्तरं वाचली की 'घरी रोज अर्धा तास वाचा' या सल्ल्याचा फोलपणा बहुधा तिथेच कळतो.

रोजची वीस मिनिटं

जपानमधल्या चिबा प्रांतातल्या एका हायस्कूलमध्ये १९८८ साली सकाळच्या दहा मिनिटांच्या वाचनाची पद्धत सुरू झाली आणि पुढे ती देशभरातल्या हजारो शाळांत पसरली. तिचे नियम चारच: सगळ्यांनी वाचायचं, रोज वाचायचं, आवडेल ते पुस्तक वाचायचं आणि फक्त वाचायचं. चौथा नियम सगळ्यात अवघड. वाचून झाल्यावर सारांश, बोध, प्रश्नोत्तरं असं काहीही मागायचं नाही, हे शिक्षकांच्या हाडामांसात नसतं.

दहाऐवजी वीस मिनिटं घ्यावीत असं आम्ही सुचवू, कारण पुस्तक काढणं, जागा सापडणं आणि शेजाऱ्याशी शेवटचं वाक्य बोलून घेणं यात तीन-चार मिनिटं जातातच. वीसमधली खरी वाचनाची पंधरा धरा. मिनिटाला दीडशे शब्द अशा साध्या वेगाने रोज सव्वादोन हजार शब्द, म्हणजे साधारण नऊ पानं होतात. शाळेचे १८० दिवस धरले तर वर्षाला सोळाशे पानं, म्हणजे दीडशे पानांची दहा पुस्तकं. पालकसभेत हा हिशेब फळ्यावर मांडला की 'अभ्यासाचा वेळ वाया जातो' ही तक्रार बरीच मवाळ होते.

वेळ काढायचा तर आठ तासिकांमधून प्रत्येकी दोन मिनिटं आणि सकाळच्या परिपाठातून चार मिनिटं घ्या. कुठल्याही एका विषयाची तासिका कापू नका, नाहीतर त्या विषयाचे शिक्षक वर्षभर हिशेब मागतील. मधली सुट्टी तर मुळीच कापू नका. मुलं वाचनाला शिक्षा समजतील. वाचनाची वेळ दुसऱ्या तासिकेनंतर ठेवावी. पहिल्या तासाआधी ठेवली तर उशिरा येणारी मुलं सतत आत येत राहतात, आणि शेवटच्या तासाला निम्मा वर्ग दप्तर भरत असतो.

ही वीस मिनिटं बिघडतात ती ठरलेल्या चार-पाच कारणांनी. शिक्षक वह्या तपासायला घेतात. कार्यालयातून ध्वनिक्षेपकावर सूचना येते. फी न भरलेल्यांची नावं घ्यायला कोणीतरी वर्गात येतं. कोणी गोंधळ घातला म्हणून 'उभं राहून वाच' अशी शिक्षा होते. परीक्षा जवळ आली की 'आज उजळणी करा' म्हणतात. यातलं पहिलं सगळ्यात घातक आहे, कारण वर्गातला मोठा माणूस स्वतः वाचत नाही हे मुलं रोज डोळ्यांनी बघतात. म्हणून नियम एकच आणि सगळ्यांना सारखा असावा: त्या वेळात इमारतीत असलेला प्रत्येक जण वाचतो, कार्यालयातले लिपिक आणि शिपाईही. कार्यालयाची खिडकी वीस मिनिटं बंद. बऱ्याच शिक्षकांची स्वतःची वाचनाची सवय सुटलेली असते. त्यांना उपदेश न करता शिक्षकखोलीतही पुस्तकांची एक पेटी ठेवा. वर्तमानपत्र मात्र नको, त्यातून लगेच चर्चा सुरू होते.

मोबाइल या वेळेत बाहेर ठेवायचा. पडद्यावर वाचलेलं वाचन नव्हे, असं आम्ही म्हणत नाही. पण एका सूचनेच्या टिणकाऱ्याने आजूबाजूच्या पाच जणांचं लक्ष उडतं.

निव्वळ शांत बसवून सगळ्यांचं वाचन सुधारतं, असंही समजू नये. अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली उपलब्ध अभ्यास तपासून, मार्गदर्शनाशिवाय केलेल्या मूक वाचनाने वाचनाची अस्खलितता वाढते याला पुरेसा पुरावा मिळत नाही, असं म्हटलं होतं. म्हणून शिक्षकांनी आठवड्यातले तीन दिवस स्वतः वाचावं आणि दोन दिवस दबक्या आवाजात दोघा-तिघांशी प्रत्येकी दोन मिनिटं बोलावं. प्रश्न साधे हवेत: आत्ता कुठवर आलंय? पुढे वाचावंसं वाटतंय का? हे संपलं की काय घेणार? उत्तर तुटक आलं आणि पान पंधरा दिवसांपूर्वीचंच असेल, तर पुस्तक चुकलंय. ते बदलून द्या. तीस पानं वाचून मन लागलं नाही तर पुस्तक सोडायची मुभा आहे, हे पहिल्याच दिवशी जाहीर सांगा. मोठी माणसंही नावडतं पुस्तक सोडतातच.

वर्गातली पेटी

पुस्तक विसरलेल्या मुलासाठी वर्गातच सोय नसेल तर दुसऱ्या आठवड्यात निम्मा वर्ग 'विसरलो' म्हणू लागतो. चाळीस मुलांच्या वर्गाला साठ पुस्तकं हवीत. चाळीसला चाळीस ठेवली तर शेवटी उठणाऱ्याला उरलेलं एकच पुस्तक मिळतं, आणि शेवटी उठणारा बहुधा न वाचणाराच असतो.

साठपैकी वीस पुस्तकं शंभर पानांच्या आतली असावीत. संपलेलं पहिलं पुस्तक ही न वाचणाऱ्या मुलासाठी मोठी गोष्ट असते, आणि जाड पुस्तक त्याला तिथवर पोचू देत नाही. दहा-बारा चित्रकथा ठेवा आणि त्यावर नाक मुरडू नका. पंधरा पुस्तकं माहितीपर: खेळ, अवकाश, यंत्रं, शरीर, गुन्ह्यांचा तपास. उरलेल्यांत कादंबऱ्या, कथा, विनोद, भीतीच्या गोष्टी आणि दोन-तीन कवितासंग्रह. मालिकेतली पुस्तकं असतील तर पहिल्या भागाच्या तीन प्रती घ्या. पहिला भाग कायम बाहेर गेलेला असेल तर मालिका सुरूच होत नाही.

दर तीन आठवड्यांनी त्याच इयत्तेच्या दुसऱ्या तुकडीशी पेटीची अदलाबदल करा. अर्ध्यावर असलेलं पुस्तक मुलाला स्वतःजवळ ठेवता यावं. त्यासाठी पेटीतल्या वहीत नाव आणि तारीख लिहिणं पुरे.

देणगीत आलेली पुस्तकं डोळे झाकून पेटीत टाकू नयेत. पिवळी पडलेली पानं, मुंगीएवढी अक्षरं, प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी तात्पर्य, कालबाह्य झालेली विज्ञानाची माहिती, असली पुस्तकं पेटीला मारतात. ग्रंथालयातही पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तकं वेगळी काढा आणि त्यातली जपायची तेवढी जपा. गच्च भरलेल्या कपाटातून मुलं काही काढत नाहीत. 'पुस्तकं उपयोगासाठी आहेत' हा डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम १९३१ सालचा आहे. कुलपं आणि दंडाच्या पाट्या मात्र अजून तशाच दिसतात. शंभरात पाच-सात पुस्तकं वर्षाकाठी हरवतील किंवा फाटतील असं अंदाजपत्रकातच धरून चाला. दंडाऐवजी घरातलं दुसरं वाचनीय पुस्तक आणून दिलं तरी चालेल अशी सवलत ठेवली तर पुस्तक हरवलेला मुलगा ग्रंथालयाचं तोंड चुकवत नाही.

मांडणीचा एक स्वस्त उपाय: आठ-दहा पुस्तकं कणा दाखवत न ठेवता मुखपृष्ठ समोर करून मांडा आणि दर सोमवारी बदला. जागा अशी निवडा जिथे मुलं नाहीतरी ताटकळत असतात, म्हणजे जिन्याचा चौक, कार्यालयाबाहेरचा बाक, प्रयोगशाळेचं दार.

नव्वद सेकंदांची ओळख

एका पैशाचाही खर्च नसलेला आणि सगळ्यात जास्त पुस्तकं हलवणारा उपक्रम म्हणजे पुस्तकाची तोंडी ओळख. आठवड्यातून एकदा, वाचनाची वेळ सुरू होण्याआधी, वरच्या इयत्तेतला एखादा विद्यार्थी वर्गात येतो आणि एकाच पुस्तकाबद्दल दीड मिनिट बोलतो. एक वर्षाने मोठा मुलगा सांगतो तेव्हा त्याचं वजन शिक्षकांपेक्षा जास्त असतं.

मुलांना हे आपोआप जमत नाही. मोकळं सोडलं तर ती लेखकाच्या जन्मापासून सुरुवात करतात आणि 'या पुस्तकातून आपल्याला असा बोध मिळतो'वर संपवतात. म्हणून आधी एकदा तयारी करून घ्या. पहिली दोन वाक्यं: पुस्तकात कोण आहे आणि तो कोणत्या अडचणीत आहे. मग पुस्तक उघडून आठ-दहा ओळी मोठ्याने वाचायच्या आणि थांबायचं. सगळी मेख थांबायच्या जागेत आहे. समजा, एका रहस्यकथेत मुलीला शेजारच्या बंद घरात दिवा दिसतो. ती कुंपण ओलांडते, पायरीवर येते, कडीला हात लावणार एवढ्यात दार आतून उघडतं. इथे पुस्तक मिटायचं. आणखी तीन ओळी वाचल्या आणि दारात कोण होतं ते सांगितलं, तर पुस्तक कोणी मागणार नाही. हे उतारे विद्यार्थ्याने स्वतः निवडावेत, पण कुठे मिटायचं ते त्याच्याबरोबर बसून ठरवा आणि त्या ओळीपाशी पेन्सिलने बारीक खूण करून द्या.

ओळख संपली की त्या पुस्तकाच्या दोन-तीन प्रती तिथेच हाताशी हव्यात. 'ग्रंथालयात मिळेल' असं म्हटलं की मधल्या सुट्टीपर्यंत उत्सुकता विरते.

याच जातीचा दुसरा प्रकार म्हणजे शिक्षकांनी मोठ्या मुलांना मोठ्याने वाचून दाखवणं. आता ती मोठी झाली म्हणून शाळा हे बंद करतात, आणि ते चूकच आहे. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं, एकच कादंबरी क्रमशः. स्वतः वाचायला अवघड जाणारं पुस्तकही मुलांना कानाने झेपतं.

ज्यांना वाचणंच जड जातं

'आवडत नाही' म्हणणाऱ्या मुलांपैकी काहींना खरं तर नीट वाचता येत नाही, आणि पंधराव्या वर्षी ते कबूल करण्यापेक्षा उद्धट वागणं सोपं असतं. अशी मुलं रोज तेच पुस्तक धरून बसतात, पानं एकसारख्या वेगाने उलटतात किंवा त्याच वेळेला पाणी प्यायला जातात. त्यांना वर्गासमोर कधीही मोठ्याने वाचायला लावू नका. बाजूला बोलावून इयत्तेचा एक उतारा मिनिटभर वाचून घ्या. प्रत्येक ओळीत अडखळत असतील तर त्यांना वेगळी मदत लागेल: आठवड्यातून तीन वेळा वीस मिनिटं, एकच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचणं, जोडाक्षरांचा सराव, शक्य असेल तिथे ध्वनिमुद्रण ऐकत ओळींवर बोट फिरवणं.

त्याआधी डोळे तपासून घ्या. वाचताना डोकं दुखतं, ओळ सुटते, पुस्तक नाकाशी धरलं जातं, ही लक्षणं चष्म्याने सुटणारी असू शकतात. डोळे ठीक असूनही अक्षरांची उलटापालट आणि अडखळणं कायम असेल तर वाचन-अक्षमतेची तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

सोपी पुस्तकं वाचायला या मुलांना सन्मानाचं निमित्त हवं. वरच्या वर्गातल्या मुलाला दुसरीच्या वर्गात जाऊन गोष्ट वाचून दाखवायचं काम द्या. त्यासाठी तो तेच पातळ पुस्तक घरी तीनदा तरी वाचतो आणि कोणी हसत नाही. पुस्तकांवर 'सोपं-मध्यम-अवघड' असे रंगीत ठिपके मात्र लावू नका. कोणाच्या हातात कोणता रंग आहे ते अख्खा वर्ग पहिल्याच दिवशी ओळखतो.

बक्षिसं, नोंदवह्या, स्पर्धा

१९७३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांपैकी काहींना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं चित्रांकडे इतरांपेक्षा कमी वळली. वाचनाला हे जसंच्या तसं लावता येणार नाही, पण 'जास्त पानं वाचणाऱ्याला बक्षीस' ठेवलं की काय होतं ते कोणीही करून बघावं: मुलं पातळ पुस्तकं शोधतात, नोंदवहीत आकडे फुगवतात आणि स्पर्धा संपली की पुस्तकं परत करतात. द्यायचंच तर पुढच्या खरेदीत पाच पुस्तकं निवडायचा हक्क द्या.

नोंद तीन रकान्यांची पुरे: तारीख, पुस्तक, पान. पालकांची सही नको. ती महिन्याची एकदम घेतली जाते. परीक्षणाऐवजी पोस्टकार्डाच्या आकाराची चिठ्ठी पुस्तकाच्या मागच्या पाकिटात ठेवा. वाचणाऱ्याने तिच्यावर 'हे कोणाला आवडेल' एवढंच एका ओळीत लिहायचं. 'ज्याला क्रिकेट आवडतं पण पुस्तकं नाही त्याच्यासाठी' असली ओळ पुढच्या वाचकाला बरोबर गाठते.

इतर विषयांचे शिक्षक

त्यांच्याकडून फार मागू नका. आठवड्यातून एकदा, पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद त्यांनी मुलांसमोर मोठ्याने वाचावा आणि वाचताना डोक्यात काय चाललंय तेही बोलावं: इथे मी थांबलो, हा आलेख आधी बघतो, हे वाक्य मला पुन्हा वाचावं लागलं. सात मिनिटांचं काम आहे. चांगले वाचणारेही अडतात आणि मागे जातात, हे बऱ्याच मुलांना ठाऊकच नसतं.

एक शाळा, एक पुस्तक

अमेरिकेतल्या सिएटल शहरात १९९८ साली सगळ्या गावाने एकच पुस्तक वाचायचा उपक्रम झाला आणि मग ती कल्पना अनेक शहरांनी उचलली. शाळेत ती वर्षातून एकदा, चार आठवडे करता येते. पुस्तक दीडशे पानांच्या आतलं हवं आणि तिघांत एक प्रत तरी हवी. सुरुवातीला केलेल्या गटाने पाच नावं काढावीत आणि मुलांनी मतदानाने एक निवडावं. गटाने एकट्याने निवडलं तर हमखास संस्कारक्षम आणि कंटाळवाणं पुस्तक निघतं. दर आठवड्याला किती पानं ते जिन्याच्या भिंतीवर लिहा, शेजारी कोरा कागद आणि दोरीला बांधलेलं पेन ठेवा. मुलं त्यावर भांडतील, चेष्टा करतील. शिव्या खोडा, बाकी राहू द्या. शेवटी चाचणी ठेवली तर पुढच्या वर्षी कोणी मत द्यायला येणार नाही.

पुस्तकांच्या अदलाबदलीचा बाजार, वर्तमानपत्रात गुंडाळून वर फक्त तीन शब्दांची खूण लिहिलेली पुस्तकं, शिक्षकखोलीच्या दारावर 'सध्या काय वाचतोय' असे कागद, हे सगळं महिन्याला एकेक करून वापरा. एकाच आठवड्यात सगळं उडवून टाकलं तर नंतर काही उरत नाही.

चाललंय का, हे कसं कळणार

गुणपत्रिकेकडे बघू नका, निदान पहिल्या वर्षी. वाचनाची वेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली की गटातल्या एकाने आठवड्यातून एकदा सगळ्या वर्गांवरून चक्कर मारावी आणि किती मुलांच्या हातात पुस्तक नाही तेवढंच मोजावं. दुसरा आकडा म्हणजे इयत्तावार साप्ताहिक देवघेव. तिसरी गोष्ट, सत्राच्या शेवटी तीच बिननावाची प्रश्नपत्रिका पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवलाई ओसरते आणि आकडे घसरतात. तेव्हा नियम कडक करण्यापेक्षा पेट्या बदला आणि तोंडी ओळखी वाढवा. एकाच वर्गाचा आकडा सतत वाईट असेल तर आधी तिथले शिक्षक त्या वेळात काय करतात ते बघा.

मोठ्या सुट्टीआधी प्रत्येकाला तीन पुस्तकं घरी न्यायला द्या, तीही पेटीतली, आणि परतीची तारीख शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यातली ठेवा. पहिल्याच दिवशी परत मागितली तर अर्धी वाचलेली पुस्तकं तशीच परत येतात.